सातवं मडकं

बोरखेडी उपकेंद्र, ता. आर्णी
दि. ३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

चि. रोशन यास ताईचा जय भीम आणि आशीर्वाद.

सकाळी नऊला उपकेंद्र उघडलं. एकोणीस पेशंट झाले. दोन गरोदर बाया तपासल्या, एकीचं रक्त कमी निघालं. दुपारी लाईन नव्हती. चार वाजता फुलचंद मंडपवाला विहारात राहिलेल्या सतरंज्या न्यायला आला. पाच वाजता मी कुलूप लावलं. आई जाऊन आज तीस दिवस झाले.

पुढचं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मध्येच हसतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र पूर्ण वाच.

आईच्या पुण्यानुमोदनाला तू पुण्याहून दोनशे काचेचे ग्लास आणलेस आणि तिच्या नावानं विहाराला दान दिलेस. एका बाजूला कोकिळाबाई मनवर यांच्या स्मरणार्थ अशी चिठ्ठी, दुसऱ्या बाजूला सोनेरी रंगात सात मडक्यांचं चित्र. विहाराला भांडी देणं ही आपली रीतच आहे. आजवर सगळ्यांनी स्टीलची दिली, नाव कोरून. काच पहिल्यांदाच आली. बाया म्हणाल्या की रोशननं आपल्या नाल्याची गोष्टच ग्लासावर आणली. मलाही बरं वाटलं होतं, आणि मी तुला तसं बोललेही होते.

आज फुलचंदनं त्यातला एक ग्लास उजेडात धरला आणि हा माल कुठून आणला म्हणून मला विचारलं. तो यवतमाळच्या एका हॉटेलात लग्नाच्या ऑर्डरी घेतो. म्हणाला की ताई, तिथं बाटलीसंगं हे गिलास फुकट भेटते. मला वाटलं तो नेहमीसारखी थट्टा करतो आहे. तर त्यानं गाडीच्या सीटखालून एक रिकामी बाटली काढली. त्यात तो पेट्रोल ठेवतो. तिच्यावर हीच सात मडकी होती आणि खाली नाव होतं, सातमडकी. व्हिस्की आहे म्हणाला, नवीन निघाली आहे. मग त्याला हसू आवरेना. तो म्हणाला की भंतेजींनी पंचशील दिलं, अन् लगेच तुम्ही सगळ्यांनी याच्यात ताक पेलं.

बाटलीच्या पाठीमागे इंग्रजीत मजकूर आहे. जमेल तसा मराठीत उतरवते. मध्य भारताच्या रानात रुखमा नावाची एक मोहिनी राहत होती. दर पौर्णिमेला ती सात मडकी भरून ओढ्याकाठी मांडायची आणि चंद्राला बोलवायची. सहा मडकी चंद्र पिऊन जायचा. सातवं ती अशा वाटसरूसाठी ठेवायची ज्याला घरी परत जायचं नसेल. सातवं तुमच्यासाठी. एवढंच लिहिलं आहे, आणि खाली तुझ्या कंपनीचं नाव.

मोहिनी कोण, रोशन? रुखमाबाई आईची आजी होती. ती पाटलाच्या शेतात मोहाची भट्टी लावायची, कारण तिला दुसरं काम कुणी देत नव्हतं. छप्पन सालच्या दीक्षेहून ती परत आली आणि घरात पाय न ठेवता तिनं सातही मडकी नाल्यावर नेऊन फोडली. नाल्याचं पाणी पिऊन म्हशी दोन दिवस हंबरत फिरल्या, कावळे लिंबावरून खाली पडले, पाटलाचा बकरा शाळेत शिरून मास्तरच्या खुर्चीवर बसला. आई हे सांगायची तेव्हा तू लोळून हसायचास. आपल्या वस्तीत अजून नवरदेवाला लग्नानंतर नाल्यावर नेतात आणि एक खापर पाण्यात टाकायला लावतात, म्हणजे तो दारूला हात लावणार नाही. तूही टाकलं आहेस. मी शेजारी उभी होते.

आम्हाला तू सोड्याची कंपनी सांगितली होतीस.

त्या दिवशी पहिला ग्लास मी स्वतः भरून आईच्या फोटोपुढे ठेवला होता. हे आठवल्यापासून शिसारी येते आहे. प्रसूतीनंतर धुतो तसे कोपरापर्यंत हात तीन वेळा धुतले. फुलचंदची बाटली उपकेंद्रातल्या निळ्या डब्यात टाकली, फुटक्या काचेच्या. महिला मंडळाच्या बायांना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी ग्लास घासून चित्र निघतं का पाहिलं. आईच्या नावाची चिठ्ठी पहिल्या पाण्यात निघाली. मडकी निघाली नाहीत. ग्लास खोक्यांत भरून ठेवले आहेत, ते तू परत घेऊन जा.

आईला हे माहीत होतं का, एवढं खरं कळव. उत्तर पत्रानंच दे. मैत्रेयीच्या खोकल्याला वाफ देत जा.

तुझी बरं-वाईट पाहणारी,
दीपाताई


पुणे
११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
स. जय भीम.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. रिसेप्शनवरच्या मुलीनं लिफाफा दोन बोटांत धरून आणला, कारण तू तो दवाखान्याच्या चिकटपट्टीनं चिकटवला होतास. ऑफिसातल्या सगळ्यांना वाटलं मला काही तरी झालं आहे. तुझ्याशिवाय असं पत्र मला कोण पाठवणार?

आधी माफी मागतो. ग्लासांची चूक झाली. मला खरंच वाटलं की चित्र आपल्या नाल्याचं आहे, तर ते आपल्या विहारात असावं. आईच्या नावानं काही तरी वेगळं द्यायचं होतं. स्टीलचे गडवे सगळेच देतात. ग्लास कुठून येतात हे कुणाला कळणार नाही असंही वाटलं, हे कबूल करतो. फुलचंद यवतमाळला लग्नाच्या ऑर्डरी घेतो हे मला माहीत नव्हतं.

सोड्याचं म्हणशील तर कंपनी सोडाही काढते. पगार त्यातून येत नाही एवढंच.

पण ताई, बाकीचं ऐक. नवीन व्हिस्कीचं नाव ठरत होतं तेव्हा आम्हा बारा जणांना प्रत्येकी एक गोष्ट सांगायची होती. मी सातमडकी सांगितली. यवतमाळ म्हटलं की इकडे लोकांचे चेहरे आधीच पडतात, आपण मेल्याच्या घरून आलो आहोत असं बघतात. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे वा म्हणाले. आमचे अवधूत सर उभे राहिले. मी गोष्ट खरी सांगितली होती, मडकी फोडली तशीच. मग ते म्हणाले की मडकी फोडणारी बाई बाटलीवर चालत नाही, तिला भरू द्या. चंद्र त्यांनी घातला. मी नाही म्हटलं नाही. गोष्ट प्रत्येक जण आपापल्या परीनं बदलतोच. तो बकरा मास्तरच्या खुर्चीवर खरंच बसला होता का?

आता आईचं. दीड वर्षापूर्वी दिवाळीत ती अंगणात तूर पाखडत होती, तेव्हा मी ही गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड केली. मैत्रेयीला आजीची गोष्ट राहावी म्हणून करतोय असं तिला सांगितलं होतं. तेव्हा ते खरं होतं. व्हिस्कीचं नाव ठरलं ते नंतर. तिला मी कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

ते रेकॉर्डिंग सरांनी ऐकलं. त्यात आई एकेक मडकं मोजत जाते. सहावं फोडते, मग सातवं म्हणते आणि थांबते. मी विचारतो, मग काय झालं. ती बोलत नाही. फक्त सुपाचा आवाज येतो, बराच वेळ. सरांना ते थांबणं फार आवडलं. जाहिरातीत आईचा आवाज सातव्यापर्यंत येईल, मग शांतता, आणि मग ग्लासात ओतल्याचा आवाज. तिचं नाव येणार नाही. त्यासाठी आपल्या दोघांच्या सह्या लागतात. कागद सोबत जोडला आहे. माझी झाली आहे. तुझ्या सहीशिवाय ते आवाज वापरू शकत नाहीत. एकतीस मार्चपर्यंत पाठवायचा आहे.

मी शब्द देऊन बसलो आहे, ताई. वरची जागा याच कामावर ठरणार आहे. आईचा आवाज देशभर ऐकू जाईल याचाही विचार कर.

ग्लास परत नेतो. रागवलीस तरी पत्ता बदलू नकोस.

तुझा,
रोशन


ढाणकी
२० फेब्रुवारी

चि. दीपाले मावशीचा जय भीम.

तुहं पत्र भेटलं. चवथी पास बाईले तू चार पानं धाडले, मले वाचाले दोन दिस लागले. आता माह्या अक्षराले हसू नको. नातीले लिवाले सांगतलं असतं, पन ही गोष्ट तिच्या हातानं लिवायची नाही.

रोशनचं आइकलं. थ्या दिवशी म्याच सगळ्यात जास्त ताक पेलं, चार गिलास. आता नरड्यात बोट घालून काढू का काय, बाप्पा. त्या पोट्ट्याले म्या मांडीवर न्हाऊ घातलं आहे. भेटला का त्याचा कान धरतो म्हनून सांग.

तू इचारलं का सातव्या मडक्यापाशी तुही माय चूप काहून झाली. हे मले आजवर कोनी इचारलं नव्हतं. कोकिळा होती तवर आमी दोघी मिळून झाकत होतो. आता मी एकटी कायले झाकू.

रुखमा आजीनं नाल्यावर सहाच मडके फोडले. सातवं आधीच गेलतं. दीक्षेले जायचं ठरलं तवा गावचे लोक पायी निघाले. पन तुह्या आजोबाचा पाय कुऱ्हाडीनं कापला होता, त्याले चालता येत नव्हतं, अन् तो म्हने मी मागं राहत नाही. पाटलाकडे तांड्यावरचा लखीराम नावाचा गाडीवान होता. आजीनं त्याले म्हटलं का आमाले यवतमाळपर्यंत सोड, पुढं नागपूरले मोटर भेटते. तो म्हने मालकाले न इचारता छकडा काढतो, मंग मले काय भेटन. आजीपाशी देयाले काहीच नव्हतं. पहिल्या धारेचं एक मडकं होतं. थे देल्लं.

लखीरामनं त्यायले बरोबर सोडलं. आजोबाले खांद्यावर घेऊन खाली उतरवलं म्हने. मंग तो एकटाच माघारी फिरला, रस्त्यानं पेत पेत. नाल्याच्या उतारावर छकड्याच्या चाकाखाली आला. दुसऱ्या दिशी गुराख्यायले दिसला. बैल तसेच उभे होते.

हे लोकं पाच दिसानं वापस आले, पांढरे कपडे घालून, खुशीत. गावाच्या शिवेवरच आजीले सांगतलं. थे घरात गेलीच नाही. राह्यलेले सहा मडके एकेक करून डोक्यावर आनले अन् लखीराम मेला त्याच जाग्यावर फोडले. लोकायले वाटलं दीक्षेचा जोर आहे. सात म्हननं लोकायचं हाये. तिनं कधी तोंडानं सात म्हटलं नाही, पन नाहीही म्हटलं नाही. म्हशी अन् बकरा तुह्या मायनं जोडले, पोट्टे हसाव म्हनून.

मंग दरसाल ज्वारी निघाली का आजी एक टोपलं तांड्यावर लखीरामच्या बायकोले नेऊन देत होती. कायचं टोपलं थे सांगत नव्हती. मराच्या आधी आमा दोघी बहिनीले सांगतलं अन् म्हटलं का हे तुमच्यापाशीच राहू द्या.

सहीचं तू पाहून घे, तू शिकली आहेस. पन माही बहीन चूप बसली, थे आइकून लोकं दारू घेतीन, हे मले काही केल्या समजत नाही.

इकडे हळद शिजवून राह्यले, सगळीकडे वास आहे. चार दिस येऊन जा. मावशी आहे तवर ढाणकी तुही आहे.

विमल


बोरखेडी
२५ फेब्रुवारी २०२५

चि. रोशन यास आशीर्वाद.

विमल मावशीचं पत्र आलं. त्याची नक्कल सोबत पाठवते. मूळ पत्र माझ्यापाशी राहील.

मी ते उपकेंद्रात उभ्यानं वाचलं, मग खुर्चीवर बसून परत वाचलं. गोष्ट मलाही अर्धीच माहीत होती, तेव्हा तुला एकट्याला बोलण्यात अर्थ नाही. पन्नास वर्षांची होत आले, नाल्यावरून रोज जाते, आणि तिथं माणूस मेला हे मला माहीत नव्हतं. बकरा खुर्चीवर बसला नव्हता. तुझं खरं निघालं.

बाटलीवरचं वाक्य आता पुन्हा वाच. सातवं ज्याला घरी परत जायचं नाही त्या वाटसरूसाठी. ज्यानं ते लिहिलं त्याला काही माहीत नव्हतं, हे मला कळतं. पण लखीरामला घरी परत जायचं होतं. तो घराकडेच निघाला होता.

आणि आई जिथं गप्प झाली तिथं तुम्ही दारू ओतणार आहात. मी गेली चोवीस वर्षं दारुड्यांच्या बायकांना टाके घालते आहे. घाणीची मला सवय आहे. याची नाही.

मी सही करणार नाही. मावशीचं पत्र तुझ्या साहेबांना दाखव. ती गोष्ट कुणाच्या मरणाची आहे हे कळलं की ते स्वतःच थांबतील. माणसं आहेत शेवटी.

जेवण वेळेवर घेत जा.

दीपाताई


पुणे
१२ मार्च २०२५

ती. ताईस,
स. जय भीम.

मावशीचं पत्र मी गाडीत बसून वाचलं. ऑफिसच्या तळघरात, गाडी लावल्यावर. मग वर गेलो नाही. सिक्युरिटीवाला दोनदा येऊन काच वाजवून गेला.

तू म्हणालीस तसं केलं. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन सरांकडे गेलो. म्हटलं, ही गोष्ट खोटी आहे, यात एक गरीब माणूस मेला आहे, बाटलीवरचं वाक्य बदला आणि आईचा आवाज सोडा. मी मराठी पत्र वाचून दाखवलं. मावशीच्या ताकाच्या चार ग्लासांपाशी ते हसले, पण लखीराम आला तेव्हा त्यांनी हातातला मोबाईल उलटा ठेवला. मला वाटलं झालं काम. मग त्यांनी दार उघडून बाहेरच्या सगळ्यांना आत बोलावलं आणि मला ते परत वाचायला सांगितलं.

मी वाचलं. का वाचलं ते मला विचारू नकोस.

त्यांना ही गोष्ट आधीच्यापेक्षा जास्त आवडली. आता एक महाग बाटली निघणार आहे, तिचं नाव सातवं. तिच्यावर छकडा आणि बैल येणार. चंद्र काढून टाकला आहे. सर म्हणाले की रोशन, हे असलं खरं काही आपल्याला विकत मिळत नाही. एक मुलगी तर रडली, ताई. रडून झाल्यावर तिनं विचारलं की त्या गाडीवानाचं कुणी आहे का. मी म्हटलं तांड्यावर असेल. तिनं ते लिहून घेतलं. सोमवारी त्यांचा माणूस तिकडे यायला निघाला, हे मला आज कळलं. लखीरामच्या घरच्यांचा मान ठेवायचा आहे असं म्हणतात.

वरच्या जागेचं जवळजवळ ठरलं आहे. सगळे माझं अभिनंदन करतात. मी घरी काहीच सांगितलेलं नाही. मैत्रेयी रोज झोपताना आजीची बकऱ्याची गोष्ट मागते आणि मी ती सांगतो, खुर्चीसकट.

आईच्या आवाजाचा कागद अजून तुझ्याकडेच आहे. तू सही करावीस असं मला वाटतं की नाही, हेच मला कळेनासं झालं आहे. तू म्हणशील तर रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलमधून पुसून टाकतो. कंपनीकडे आहे, पण तुझ्या सहीशिवाय त्यांना त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे तिचा दुसरा आवाज नाही, तेवढं लक्षात घेऊन सांग.

तू गप्प बसू नकोस, चार शिव्या असल्या तरी लिही.

रोशन


बोरखेडी
दि. २४ मार्च २०२५, सोमवार

चि. रोशन यास आशीर्वाद.

तुमचा माणूस येऊन गेला. मला भेटला नाही. तो सरळ तांड्यावर गेला. काल रविवारी लखीरामचा नातू माझ्या घरी आला, नेमसिंग. तू त्याला पाहिलं असशील, शाळेची मुलं ऑटोतून आणतो. त्याच्या दोन्ही मुलींना डोस मीच दिले. मोटरसायकलच्या मागे एक खोकं बांधून आणलं होतं. म्हणाला की ताई, तुमच्या भावाच्या कंपनीनं हे देल्लं, अन् एक इंग्रजी कागद देल्ला, तो वाचून सांगा. खोक्यात सहा बाटल्यांची जागा होती आणि चार होत्या. मी मोजते आहे हे पाहून तो म्हणाला की दोन मेहुण्यानं अन् म्या होळीच्या उरलेल्या मटनासंगं उडवल्या, आता खोटं काहून सांगू.

त्या माणसानं त्याला लखीरामचा फोटो मागितला. फोटो कुठून असणार. तेव्हा त्यानं नेमसिंगलाच धोतर नेसवलं, डोक्याला पागोटं बांधलं, कुणाचा तरी छकडा आणवला आणि नाल्याच्या उतारावर उभं करून फोटो काढले. चाकाला टेकून बस म्हणाला, मान खाली घाल म्हणाला. नेमसिंग बसला. मला म्हणाला की मले वाटलं सिरियल-गिरियलचं असन, पोट्ट्यायनं लय मजा घेतली. त्यानं मोबाईलमध्ये फोटो दाखवले. रोशन, तो नेमका तिथं बसला आहे. त्याच्या हातात मडकं दिलं आहे.

मी बाहेर जाऊन चूळ भरून आले. मग त्याला सांगितलं.

मावशीचं पत्रच वाचून दाखवलं, कारण माझ्यानं माझ्या शब्दांत सांगणं झालं नसतं. त्याच्या घरात वेगळंच सांगतात. नाल्यातल्या चुडैलनं आजोबाला हाक मारली आणि त्यानं मागं वळून पाहिलं, असं. म्हणून त्यांच्या घरचे त्या उतारावर मागं वळत नाहीत. तो स्वतः मुलांची ऑटो नेतानाही वळत नाही. ऐकून त्यानं फोटोतला छकडा बोटांनी मोठा करून पाहिला. मग त्यानं विचारलं की बैलायनं त्याले तुडवलं तर नव्हतं. मी म्हटलं, बैल उभे होते असं लिहिलं आहे. त्याला तेवढं बरं वाटलं.

मग त्याला टोपलं आठवलं. म्हणाला की आमच्या आजीले तुमच्या वस्तीतून दरसाल ज्वारी येत होती, ती म्हणायची ती खळ्यावरच्या मदतीची आहे. म्हातारी बाई यायची, पाणी न पिता जायची. मग बंद झाली. कोणी बंद केली, ताई, असं त्यानं विचारलं. रुखमा आजी गेल्यावर आईनं दोन-तीन वर्षं पाठवली असेल. मग तू झालास, बाबा गेले, आणि राहून गेलं असेल. की त्यांना देणं नकोसं झालं, ते मला माहीत नाही. मावशीला विचारण्याची हिंमत नाही.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला की तुम्ही कायले मागता, मडकं त्यानं मागून घेतलं होतं. हे तो मला बरं वाटावं म्हणून बोलला. चेहरा तसा नव्हता.

उठताना त्यानं मला एका कागदावर मराठीत लिहून द्या म्हटलं. मी लिहिलं, की माझा फोटो आणि माझ्या आजोबाचं नाव कोणत्याही बाटलीवर किंवा जाहिरातीत वापरायचं नाही, कशासाठी ते मला न सांगता फोटो काढले आहेत. त्यानं सही केली. ज्या इंग्रजी कागदावर त्यांना त्याची सही हवी होती तो कोराच आहे. दोन्ही मी तुला पाठवले आहेत. चार बाटल्या त्यानं माझ्या ओट्यावर ठेवल्या आणि घरी नेऊ का म्हणून परत विचारलंही. मी नाही म्हटलं. त्या मी मोरीत ओतल्या. रात्रभर घरात वास होता. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी गेला नाही. आईच्या खोलीतही होता.

तुझा कागदही पाठवला आहे. सहीच्या जागी मी आडवं लिहिलं आहे, आईचा आवाज वापरण्यास माझी संमती नाही. त्याखाली सही, तारीख आणि उपकेंद्राचा नव्हे, माझा घरचा पत्ता घातला आहे. तिन्ही कागद आजच रजिस्टर्डनं टाकले, हे पत्र वेगळं येईल. उद्या कुणी कितीही चांगलं बोललं, फाउंडेशन काढू म्हटलं, नाल्याला पाटी लावू म्हटलं, तरी हेच उत्तर आहे. परत विचारायचं नाही, आणि तूही विचारायचं नाहीस.

तुझी मला किळस येत नाही असं लिहायला बसले होते. ते खरं नाही. येते. तुझ्या पत्रातलं ते अभिनंदन वाचून आली, आणि मावशीचं पत्र मीच तुझ्या साहेबांकडे पाठवायला सांगितलं म्हणून स्वतःचीही आली. मी ते पाठवलं नसतं तर नेमसिंग धोतर नेसून चाकाशी बसला नसता. एवढी वर्षं दोन बायकांनी जे तोंडातून काढलं नाही ते मी एका दिवसात पुण्याला पोचवलं. माणसं आहेत शेवटी असं मी लिहिलं होतं. ते वाक्य तू खोड.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. तुझं घर आहे, मुलगी आहे, ते तुझं तू ठरव. पण नेमसिंगकडे तू स्वतः ये. कंपनीची गाडी घेऊन येऊ नकोस, एस.टी.नं ये. फोटो पुसले हे त्याला त्याच्या दारात उभं राहून सांग. पाणी दिलं तर पी. आणि मैत्रेयीला बकऱ्याची गोष्ट सांगत राहा, ती आईनं तुमच्यासाठीच केली होती. फक्त तिला एक दिवस बाकीचंही सांग. तिला कळेल इतकी ती मोठी झाली की सांग, फार उशीर करू नकोस.

आईचं रेकॉर्डिंग पुसू नकोस. तू परवा मोबाईलवर पाठवलंस ते मिळालं. मी पहिलं एक वाक्य ऐकलं. त्यात ती मैत्रेयी जेवली का विचारते. मग बंद केलं. पुढचं कधी तरी ऐकेन, आत्ता नाही.

खोकी अजून विहारात आहेत. येशील तेव्हा तीही ने.

उन्हात डोक्याला बांधून निघ. रागात लिहिलेलं सगळं खरं आहे, पण तू येशील त्या दिवशी दार बंद नसेल.

तुझी,
दीपाताई

ता. क. उद्या वस्तीत लसीकरण आहे. अठ्ठावीस लेकरं आहेत, त्यातली पाच नवीन. पत्र पाकिटात घातलं की दिव्याखाली बसून नखं काढते.